गाडी भरायच्या आत

बाबा, तुमच्यामुळे माझा एक लेख अडून बसला आहे. ओळखीच्या एका बाईंचा दिवाळी अंक निघतो. त्यांना देशातल्या पायी फिरण्याच्या सुंदर वाटांवर लेख हवा आहे, आणि तो मीच लिहायचा असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "तू तर लहानपणीच सगळा देश पालथा घातलास," असं म्हणाल्या आणि मीही हुरळून हो म्हटलं. आता लिहायला बसले तर काय, हिमाचल, गढवाल, दार्जिलिंग, मंगळूरकडचे घाट, सगळीकडच्या वाटा मला पाठ आहेत, पण अर्ध्याच. फार तर पाऊण. चालायला सुरुवात कुठून करायची, चहा कुठे मिळतो, कुठल्या ओढ्याचं पाणी बिनधास्त प्यायचं, पहिल्या चढाला कुठे बसून दम खायचा, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. वर पोचल्यावर काय दिसतं ते मात्र एकाही वाटेचं सांगता येत नाही, कारण तुम्ही मला एकाही वाटेच्या टोकाला नेलं नाहीत. असा लेख कोण छापेल सांगा. वाचणाऱ्याला दमवून दमवून डोंगराच्या मध्यावर आणायचं आणि म्हणायचं, चला आता खाली, तिकडे गाडी भरली असेल!

इतरांचे वडील आधी ठिकाण ठरवायचे आणि मग गाडी बघायचे. तुम्ही आधी गाडी बघायचात. भिवंडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग क्लार्क असल्याचा एवढा एकच फायदा तुम्ही आयुष्यात उठवलात. आपल्या गावातल्या लूमवर विणलेल्या कोऱ्या कापडाच्या गाठी तुमच्या ऑफिसातून देशभर जायच्या, आणि कुठली गाठ कुठे जाणार त्याची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तुम्हीच फाडायचात. शाळेची परीक्षा संपत आली की तुम्ही घरी येऊन चपला काढता काढता सांगायचात, "पठाणकोटची लागतेय," किंवा "सिलिगुडीला माल चाललाय." झालं, ठरली आमची सुट्टी. निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतली बाकीची मुलं मामाच्या गावाला जायची, आत्याकडे जायची, आंबे खायची. मी ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरमागच्या फळीवर बसून ज्या गावाला कापड जाईल त्या गावाला जायचे. मग तिथून जवळ डोंगर कुठला ते तुम्ही शोधायचात, एसटीसारखी काय असेल ती तिकडची गाडी पकडायचात, आणि आपण चालायला लागायचो. कापड कधी राजस्थानात गेलं की आमची सुट्टी कोरडी, कारण तिकडे तुमच्या मते चालण्यासारखं काही नाही. मैत्रिणी विचारायच्या, यंदा कुठे? मी म्हणायचे, अजून माल लागला नाही.

ड्रायव्हर बहुतेक वेळा एकच असायचा, जौनपूरकडचा, सदा पान खाणारा, तुम्हाला बाबूजी म्हणणारा. खरं तर कंपनीच्या गाडीत माणसं न्यायला बंदी होती. जकात नाक्यावर कुणी विचारलं तर मी त्याची भाची व्हायचे आणि तुम्ही कंपनीचे सुपरवायझर. तुमच्या अंगावर तो मळका लेंगा, सुपरवायझर म्हणे! नाक्यावरचा माणूस माझ्याकडे बघून हसायचा आणि सोडून द्यायचा. मला भयंकर लाज वाटायची. त्यात पाठीला ती पिशवी. तुम्ही कापडाच्या घड्या घालणाऱ्या फोल्डिंगवाल्याकडून कोऱ्या कापडाचा उरलेला तुकडा आणलात, गल्लीतल्या शिंप्याकडून पिशवी शिवून तिला पट्टे लावून घेतलेत, आणि वाढदिवसाला माझ्या हातात दिलीत. पाठीवर बरोबर मधोमध लूमवाल्याचा निळा शिक्का. दुकानात लाल, हिरव्या कितीतरी छान पिशव्या मिळत होत्या. मी तोंड पाडलं तर तुम्ही म्हणालात, "हे कापड देशभर जातं. तूही जा." आता ऐकायला बरं वाटतं, पण तेव्हा मी सातवीत होते आणि मला लाल पिशवी हवी होती.

पण हे सगळं मी सोसलं असतं. तुमचा तो परतीच्या भाड्याचा नियम मात्र आजही आठवला की डोकं फिरतं. गाडी कापड उतरवून रिकामी व्हायची, मग तिथला दलाल परतीचा माल मिळवून द्यायचा. सिलिगुडीहून चहा, मंगळूरहून कौलं, डेहराडूनहून तांदूळ. माल मिळाला की गाडी भरायची आणि भरली की निघायची, आणि त्याच्या आत आपण खाली हजर हवं, हा तुमचा नियम. तो कधी मिळेल हे देवालाही ठाऊक नसायचं. ड्रायव्हर आपला हिशोबाने सांगायचा, "चार-पाँच दिन तो कहीं नहीं गए बाबूजी, आराम से घूमो." तुम्ही त्यातलं चार ऐकायचात. मग सावधगिरी म्हणून तीन धरायचात. आणि डोंगरात गेल्यावर वाटेत कुठे ढग आले, बस उशिरा मिळाली, पाय दुखला, की त्या तिनाचे दोन व्हायचे. दार्जिलिंगकडे संदकफूच्या वाटेवर टोंगलूपर्यंत पोचलो होतो. तिथला माणूस सांगत होता की अजून पुढे गेलात की पहाटे समोर कांचनगंगा अशी उभी असते की बोलायला सुचत नाही. तुम्ही त्याच्याकडून सगळं नीट विचारून घेतलंत, किती लांब, पाणी कुठे, मुक्काम कुठे. आणि मग म्हणालात, "चला, उतरू या." मंगळूरच्या पुढे सुब्रह्मण्याहून कुमार पर्वतावर चढलो, अर्ध्यावर एका घरी ताकभात खाल्ला, अंगणातून वरचा डोंगर हिरवागार दिसत होता, गवत वाऱ्यावर हलत होतं. मला वाटलं, जेवून निघणार. जेवून निघालोच, पण खाली.

आणि खाली आलो की काय दिसायचं? गाडी रिकामीच उभी. ड्रायव्हर खाटेवर हातपाय ताणून झोपलेला. आपल्याला बघून तोच चकित व्हायचा. "इतनी जल्दी क्यों आ गए? अभी तो माल का ठिकाना नहीं." मग आपण त्या गॅरेजच्या, ग्रीसच्या, टायरच्या वासात दिवस काढायचो. तुम्ही वर्तमानपत्र वाचायचात आणि मी मागचा डोंगर बघत बसायचे. तुम्हाला कधी वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. उलट तुम्ही खुशीत असायचात, की बघ, वेळेत आलो. अहो, कसली वेळ! मालच लागला नव्हता!

बरं, गाडीचीच भीती होती तर जवळचे डोंगर काय वाईट होते? आईच्या माहेरी, दिघाशीला मामाच्या अंगणात उभं राहिलं की माहुली समोर दिसायचा. मामा दरवर्षी म्हणायचा, "दाजी, ह्यो डोंगर हाय ना दाराशी. तिकडं पार पंजाबात कशाला जातासा? ह्यो काय वाईट हाय?" तुम्ही हसून म्हणायचात, "तो कुठे पळून जातोय? त्याला कधीही जाऊ." त्याला आपण कधीही गेलो नाही. दाराशी असलेला डोंगर राहिला तो राहिलाच, आणि दूरचे अर्धे राहिले. यालाच आई म्हणायची, "तुझ्या बाबांची तऱ्हा." ती स्वतः कधी यायची नाही. मी लहान असताना एकदाच आली होती म्हणे, मग पुन्हा ट्रकमध्ये पाय ठेवला नाही. "रिकामी गाडी फार आदळते," एवढंच सांगायची. मला ते विचित्र वाटायचं, कारण आपण नेहमी भरलेल्या गाडीतूनच यायचो. तिच्या डब्यातली चटणी आणि दशम्या मात्र विंध्यापलीकडे सगळीकडे पोचल्या.

एक गोष्ट मी तेव्हाही बघत होते. वाटेवर तुमच्यासारखा माणूस नव्हता. ऑफिसात मान खाली घालून बसणारे तुम्ही, चढाला लागलात की दिसेल त्याच्याशी बोलायचात. मेंढपाळ, लाकूडवाल्या बाया, शाळेतून परतणारी पोरं. तुमचं हिंदी भिवंडीचं, म्हणजे अर्धं लूमवरचं. समोरच्याला ते कळायचं नाही आणि त्याची पहाडी तुम्हाला कळायची नाही, तरी दोघांचं जमायचं. "ये रस्ता आगे किधर जाता?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. मला राग यायचा. जायचंच नाही तर विचारता कशाला? पण उत्तर ऐकताना तुमचा चेहरा असा खुलायचा की मी गप्प बसायचे. तेवढं मात्र मी कधी बोलून दाखवलं नाही.

बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात बोलले. डेहराडूनची गाडी होती. या वेळी मी आधीच बजावलं होतं की गढवालातल्या हर की दूनला जायचं आणि शेवटपर्यंत जायचं, कारण यानंतर कॉलेज, नोकरी, कोण जाणे काय. तुम्ही "बघू" म्हणालात. तुमचं "बघू" म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. सांकरीपर्यंत बस, मग चालणं. नदी सतत बाजूला, अक्रोडाची झाडं, पाठीवर गवताचे भारे घेतलेल्या बाया. ओसला गावात पोचलो तेव्हा मी दमले होते, पण इतकी आनंदात होते की मला तो आनंद आजही आठवतो. एका लाकडी घरात मुक्काम. चुलीपाशी बसून घरची म्हातारी सांगत होती, "बस, सवेरे निकलो, दोपहर तक पहुँच जाओगे. अभी तो फूल भी आ गए होंगे." तिथे घरच्यासारखा लूमचा आवाज नाही म्हणून मला झोप लागत नव्हती, की उद्याच्या विचाराने, कोण जाणे. सकाळी उठून बघते तर तुम्ही पिशव्या बांधून खालच्या वाटेकडे तोंड करून उभे.

मी म्हटलं, "बाबा, वर." तुम्ही म्हणालात, "नको. बस चुकली तर दोन दिवस जातील. गाडी भरली असेल." मी म्हटलं, "मग तुम्ही थांबा, मी एकटी जाऊन येते. म्हातारीचा नातू येईल बरोबर." तेव्हा तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. "गाडी आपल्यासाठी थांबत नसते. माणूस थांबतो. त्याचं पुढे काय होतं ते तुला माहीत नाही." मला ते नुसतं भाषण वाटलं. मी म्हटलं, "तुम्ही ट्रकला घाबरता. शेठला घाबरता. कुठेही शेवटपर्यंत जायची तुमच्यात हिंमतच नाही." म्हातारीला मराठी कळत नव्हतं, पण तिने चुलीत फुंकर घालायचं थांबवलं. तुम्ही माझी पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावलीत आणि उतरायला लागलात. मी मागून आले. दुसरं काय करणार होते? डेहराडूनला गाडी रिकामी उभी होती. पुढचे दिवस आपण तिथे काढले, आणि हवा स्वच्छ होती, आणि मसुरीचा डोंगर लख्ख दिसत होता. मी भिवंडी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. त्यानंतर मी तुमच्याबरोबर कुठे गेले नाही, आणि तुम्हीही कुठली गाडी लागतेय ते घरी येऊन सांगायचं बंद केलंत.

मग तुमचं ऑफिस दापोड्याला गेलं. तिथे एकामागून एक गोदामं उठत होती, कापडाबरोबर फ्रिज आणि पंखे आणि औषधांची खोकी जायला लागली होती, आणि तुम्ही रिक्षाने, कधी ओळखीच्या टेम्पोने ये-जा करत होतात. एका दुपारी टेबलावरच तुमच्या छातीत दुखलं. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याला तो जौनपूरचा ड्रायव्हर आला. पान नव्हतं तोंडात, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. आईसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "भाभीजी, बाबूजी ने मेरी गाडी कभी लेट नहीं होने दी. उस एक बार के बाद कभी नहीं." आईने मान हलवली. मी आत चहा टाकत होते आणि मनात म्हणत होते, वा, काय पण माणसाची आठवण! गाडी लेट होऊ दिली नाही! त्या "एक बार"कडे माझं लक्षच गेलं नाही.

तर आता हा लेख. गेल्या आठवड्यात आई मेथी निवडत बसली होती, आणि मी तिच्यासमोर वैतागून म्हटलं, "तुझ्या नवऱ्याने मला एका वाटेच्याही शेवटापर्यंत नेलं नाही, आता मी लिहू काय?" ती मान वर न करता म्हणाली, "नेलं नाही कसं? त्रिउंडला नेलं होतं की."

मी म्हटलं, कुठे? ती म्हणाली, पठाणकोटची गाडी होती, धरमशालेच्या वरचा तो डोंगर. मी चार वर्षांची होते. अर्ध्या चढावर मी रडायला लागले, तुम्ही मला खांद्यावर घेतलंत आणि मी झोपले. तुम्ही मला तसंच वरच्या कुरणापर्यंत नेलंत. "मी म्हटलं, उठवा तिला, दाखवा काय ते आणि चला खाली, गाडी उद्याच निघेल असं ड्रायव्हर म्हणाला होता. तर म्हणाले, झोप मोडू नको. उठेल आपोआप. इतक्या वर आणली तर तिने बघायला नको का?" आणि तुम्ही बसून राहिलात, बाबा, मला मांडीवर घेऊन, अंगावर तुमचा स्वेटर घालून. मी उठले नाही. दुपार गेली, अंधार पडायला लागला, मग उतरणं शक्यच नव्हतं म्हणून तिथल्या जंगल खात्याच्या खोलीत रात्र काढावी लागली. मी तिथेही झोपलेलीच, मधे दोन घास गिळले म्हणे, तेही डोळे मिटूनच. उठले ती दुसऱ्या दिवशी उतरताना, खाली झाडी लागल्यावर.

पठाणकोटला पोचलात तर गाडीचा माल दुसऱ्या गाडीत गेलेला. दलालाने ड्रायव्हरला सांगितलं होतं, भर आणि नीघ. तो म्हणाला होता, फॅमिली को छोड़ के कैसे जाऊँ. मग सगळा रस्ता रिकाम्या गाडीतून. आई म्हणाली, भांडी वाजावीत तशी गाडी वाजत होती. एवढा लांबचा पल्ला रिकामा मारला म्हणून शेठने पावसाळाभर त्याला गाडीवर चढू दिलं नाही. त्याची बायको तेव्हा गावी बाळंतीण होती. तुम्ही रोज शेठपुढे उभे राहायचात की चूक माझी आहे, त्याला घ्या. दिवाळीच्या तोंडावर एकदाचं घेतलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस तुम्हाला म्हणाला, चलो बाबूजी, बेटी को ले के.

मी आईला विचारलं, "मग हे मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "मी म्हटलं होतं. ओसल्याहून तू फुगून आलीस तेव्हाच म्हटलं, सांगा पोरीला. तर म्हणाले, काय सांगू? चार वर्षांच्या पोरीने झोपणं हा काय गुन्हा आहे?"

काय म्हणावं तुम्हाला, बाबा! एक वाक्य. चुलीपाशी उभं राहून एकच वाक्य बोलला असतात तर मी ते हिंमतीचं बोलले नसते, आणि ही सगळी वर्षं तुम्हाला भित्रा समजत काढली नसती. तुम्ही आपले ऐकून घेतलंत आणि माझी पिशवी उचललीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? जिवंत असतानाही तुम्ही हाती लागला नाहीत, आणि आता तर विषयच संपला. राग आहे मला तुमचा. अजून आहे, आणि आता तर आधीपेक्षा जास्त आहे.

शेवटी लेखाची गरज म्हणून मी आईला विचारलं, "बरं, वरून दिसतं काय?" लोक म्हणतात तिथून बर्फाची अख्खी भिंत समोर उभी असते. आई म्हणाली, "मला काय माहीत? धुकं होतं. हातभर पुढचं दिसत नव्हतं." मी म्हटलं, "सकाळी?" "सकाळीही तसंच." म्हणजे तुम्हीसुद्धा काही बघितलं नाहीत. एकाच टोकाला पोचलात, तिथे धुक्यात दिवसभर बसलात, धुकं जाईल आणि मी उठेन म्हणून. दोन्ही झालं नाही.

त्रिउंड मी लेखात घालणार नाही. बाईंना काय सांगायचं ते बघू, "बघू" म्हणजे तुमचंच. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, पेटीत टाकायला पत्ता लागतो. फक्त एक कबूल करते. तुम्ही मला तिथे उठवलं असतंत तर थंडीने आणि झोप मोडली म्हणून मी असं भोकाड पसरलं असतं की दोन मिनिटांत तुम्हाला खाली पळावं लागलं असतं. मला काहीही दिसलं नसतं आणि काहीही आठवलं नसतं. पण गाडी चुकली नसती. मग टोंगलूच्या पुढे गेलो असतो, ताकभात खाऊन वर चढलो असतो, ओसल्याहून निघून दुपारी फुलांत पोचलो असतो, दोघं. उठवायचं होतंत मला, बाबा.